'घरात कुणाला मानसिक आजार?' – 'नाही.'

सांजवात | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे मन कधी उधळतं तर कधी खचतं असा आजार, असल्याचं निदान झालं. त्याला विचारूनच लिहितेय, पण त्याच्याविषयी फार लिहिणार नाही. लिहायचंय ते पहिल्या ओपीडीबद्दल. रुग्णालय सरकारी, कोणतं ते सोडा.

टेबलापलीकडे एक तरुण निवासी डॉक्टर, अलीकडे आई आणि मी. भाऊ खुर्चीत बसेना. खिडकीशी उभा राहून खालच्या पार्किंगमधल्या एकेका गाडीची किंमत सांगत होता. आईने केसपेपरच्या घड्या घालून घालून त्याची पार पुडी केली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "नैराश्य कधीपासून आहे?"

"नैराश्य? अहो, इतका खुशीत मी त्याला जन्मात पाहिला नाही. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी दमत नाही. परवा चाळीतल्या सगळ्या पोरांना बूट आणले. आता माझ्या पाटल्या मोडायला निघालाय."

"भास होतात?"

"भास कसले. फक्त मंत्रालयातून आपल्याला न्यायला गाडी येणारे म्हणतो. रोज सकाळी दाढी करून तयार बसतो."

"घरात कुणाला मानसिक आजार?"

"नाही."

हे 'नाही' आईने अशा काही सुरात म्हटलं की जणू मुलीच्या स्थळाची चौकशी चाललीय. डॉक्टरांनी रकान्यात फुली मारली.

तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "मावशी, तुमच्या सासरी-माहेरी आधी कुणी असं उधळलं होतं का हो? झोप उडाली, पैसा उडवला, मग महिनोन्‌महिने अंथरूण धरलं, घर सोडून गेलं, असं?"

"हां, तसे आमचे धाकटे भाऊजी." आणि आई सुरूच झाली. दोन एकर रान कवडीमोलाने विकलं, त्या पैशांत गावजेवण घातलं, पुढे सहा महिने माडीवरून खाली उतरले नाहीत. नंतरच्या आषाढीला वारीत गेले ते परत आलेच नाहीत. "पण ते आजारी नव्हते हो. त्यांना देवाचं वेड होतं."

मॅडमनी फुली खोडली.

मी तीस वर्षं काकांची गोष्ट ऐकत आलेय. ती 'वैद्यकीय माहिती' आहे हे मला त्या मिनिटापर्यंत सुचलं नव्हतं. प्रश्न आईला समजणाऱ्या शब्दांत आला नसता तर काका त्या कागदावर आलेच नसते.

तेव्हापासून एका वहीत शब्द लिहून ठेवतेय. फायलीतले, इंटरनेटवरचे, आईचे. बरेच अजून नीट उमगलेले नाहीत. भास आणि भ्रम यांत फरक काय? सकाळी हसणारा आणि संध्याकाळी चिडणारा माणूस बायपोलर का? जाणकारांनी भर घालावी. अनुभवही चालतील.

---

शब्दवेडा | सोमवार, रात्री ११.१५

पहिला नंबर. धागा छान, वाचनखूण साठवली आहे.

भास-भ्रमाची फोड आपल्याकडे वेदान्त्यांनी आधीच करून ठेवलीय, फक्त तिसरा तुकडा जोडावा लागेल. अंधारात दोरी पडलीय आणि तुम्हाला साप दिसला, हा रज्जुसर्प. बाहेर वस्तू आहे, वाचली चुकीची. याला इल्युजन म्हणतात, आणि ते तुम्हाआम्हाला रोज होतं. दोरीही नाही, काहीच नाही, तरी साप दिसतोय किंवा फूत्कार ऐकू येतोय, तो भास, म्हणजे हॅल्युसिनेशन. आणि साप दिसत नाही, ऐकू येत नाही, पण शेजारच्यांनी आपल्याला मारायला घरात साप सोडलाय ही खात्री कशानेच हलत नाही, तो भ्रम, म्हणजे डिल्युजन.

भास इंद्रियांचा, भ्रम समजुतीचा. मंत्रालयाची गाडी हा भ्रम झाला. आईंचं 'भास नाही' हे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

---

काळीमांजर | सोमवार, रात्री ११.२०

आयडी 'शब्दवेडा' असलेल्या माणसाने या धाग्यावर पहिला नंबर लावावा यात सगळं आलं. :)

---

डॉ_रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३.०५

मनोविकार विभागात निवासी आहे. त्या निवासी डॉक्टरच्या जागी मीही असतो आणि मीही फुली मारली असती. सकाळच्या ओपीडीत पेशंटमागे दहा मिनिटं मिळाली तर दिवाळी.

शब्दवेडा यांची सापाची फोड उद्यापासून ज्युनिअरांना शिकवणार. दोन गोष्टी जोडतो. भ्रम ठरवताना तो माणूस ज्या समाजात राहतो तिथली समजूत बघावी लागते. नवरात्रात अष्टमीला घागर फुंकताना अंगात आलं आणि नंतर घरी जाऊन त्या बाईंनी वरण-भात लावला, तर तो आजार नव्हे. सगळं घर, सगळी आळी ती गोष्ट मानते. तेच अंगात येणं भलत्या वेळी, नको असताना, वारंवार व्हायला लागलं आणि संसार ठप्प झाला तर आम्ही दखल घेतो.

दुसरं, मूड स्विंग्स. सकाळी हसला नि संध्याकाळी चिडला म्हणजे बायपोलर नव्हे, तो स्वभाव असेल, झोप अपुरी असेल, नाहीतर ऑफिस. बायपोलरचं घड्याळ तासांचं नसतं. मॅनिया, म्हणजे सांजवातताई सांगताहेत ती उधळलेली अवस्था, निदान आठवडाभर टिकलेली लागते. भरती करावं लागलं तर आठवड्याची अट नाही. त्याची सौम्य बहीण हायपोमॅनिया, तिला किमान सलग चार दिवस. खालची बाजू, म्हणजे डिप्रेशन, किमान दोन आठवडे. मधले महिने, कधी कधी वर्षं, माणूस अगदी तुमच्याआमच्यासारखा. घरचे त्यामुळेच फसतात. 'मध्ये तर ठणठणीत होता' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो.

आणि मॅनियाची खूण 'आनंद' ही नाही. कित्येकांत चिडचिड असते. झोपेची गरजच कमी होणं ही खूण जास्त भरवशाची. झोप येत नाही म्हणून तळमळणारा वेगळा आणि तीन तास झोपून ताजातवाना उठून पहाटे चारला माळा आवरणारा वेगळा.

(मी पहाटे तीनला लिहितोय ती ड्युटी आहे.)

---

खडूस_आजोबा | मंगळवार, सकाळी ७.३०

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आठ भावंडं एका खोलीत, कुणाला डिप्रेशन यायला जागाच नव्हती. हल्ली पोराला मार्क कमी पडले की डिप्रेशन, नेट गेलं की अँग्झायटी. शब्द आले आणि आजार आले.

---

सांजवात | मंगळवार, सकाळी ८.१०

आजोबा, आमच्या काकांच्या वेळीही शब्द नव्हता. काका मात्र गेलेच.

---

डॉ_रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.४०

झोप काढून आलो. आजोबांचं निम्मं बरोबर आहे. 'डिप्रेशन' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. मार्क कमी पडल्यावर येते ती निराशा. आजार म्हणायला दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, नऊपैकी पाच लक्षणं लागतात. त्यांत एकतर मन उदास हवं, नाहीतर कशातच रस न उरणं हवं. बाकीची झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं, हालचाली मंदावणं किंवा नुसती तगमग, आणि मरणाचे विचार.

पण यातलं काहीही पेशंट या शब्दांत सांगत नाही. 'करमत नाही', 'कशात जीव लागत नाही', 'उभारी नाही', 'हातपाय गळाल्यासारखे'. कितीतरी बायका पाठदुखी आणि अॅसिडिटी घेऊन तीन-तीन डॉक्टर फिरून आमच्याकडे येतात, तोवर एंडोस्कोपीसुद्धा झालेली असते. 'तुम्हाला नैराश्य आहे का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात. 'शेवटचं मनापासून हसलात कधी' विचारलं की रडू फुटतं.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी ४.२२

राजेहो, आमच्या इकडे एकच शब्द चालते. टेन्शन. नैराश्य, अवसाद, खिन्नता, काही म्हणा, गावात कोणाले समजत नाही. माझी बायको आशा कार्यकर्ती. ट्रेनिंगात तिले मोठाली पुस्तकं देल्ली. पण घरी गेल्यावर ते इचारते, "काकाजी, टेन्शन लय वाढलं काय?" की माणूस बोलाले लागते. सावकाराचं, सोयाबीनच्या भावाचं, पोरीच्या लग्नाचं. 'मानसिक' म्हटलं की दार बंद.

मात्र एक गोष्ट. टेन्शन सारेच म्हणतात, म्हणून ज्याले खरोखर आजार आहे तोही त्यातच दबून जाते. ती सांगते की इचारायचं, टेन्शनपायी जेवण सुटलं काय, वावरात जाणं सुटलं काय, भजनात बसणं सुटलं काय. सुटलं असन तर फोन लावाचा.

---

शब्दवेडा | मंगळवार, सायंकाळी ६.००

वऱ्हाडी भाऊ, सलाम. 'काय सुटलं' ही एकच कसोटी पुरे.

आता माझं दुखणं. परिभाषेने आपल्याला 'छिन्नमनस्कता' दिला. स्किझोफ्रेनियाचा शब्दशः अनुवाद. ग्रीकमध्ये दुभंगणं आणि मन. युगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९०८ साली हे नाव दिलं. त्याआधी क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने रूढ केलेल्या नावाचा अर्थ निघायचा 'तरुणपणातला बुद्धिभ्रंश'. त्यापेक्षा ब्लॉयलरचं बरं म्हणायचं. त्याला सांगायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांचे सांधे निखळतात. लोकांनी ऐकलं काय? एका अंगात दोन माणसं. दिवसा सभ्य, रात्री खुनी. आपल्या मालिकांनी त्यावर कळस चढवला. दोन व्यक्तिमत्त्वांचा तो वेगळाच आणि फार विरळा प्रकार. स्किझोफ्रेनियात भास, भ्रम, विस्कळित बोलणं, आणि हळूहळू माणूस आतल्या आत मिटत जाणं. शेवटचं घरच्यांना आळस वाटतं.

ग्रीकमध्ये झालेली चूक आम्ही संस्कृतात इमानेइतबारे उतरवून घेतली.

---

तोक्योकर | बुधवार, सकाळी ९.५०

एदोगावात राहतो, पत्नी इथे नर्स आहे. शब्दवेडा म्हणतात तीच अडचण जपान्यांचीही होती. जुनं नाव 'सेइशिन बुनरेत्सु ब्यो', म्हणजे सरळ 'मन फाटण्याचा रोग'. डॉक्टर पेशंटला ते नाव सांगायलाच कचरायचे. पेशंटच्या कुटुंबांच्या संघटनेने नाव बदला म्हणून लकडा लावला आणि २००२ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदललं. नवं नाव 'तोगो शिच्चो शो'. मराठीत ओढूनताणून सांगायचं तर 'एकसंधपणा ढळणे'. ढळलेलं सावरता येतं, फाटलेलं सांधता येत नाही, असा काहीसा भाव. पत्नी म्हणते, नाव बदलल्यावर डॉक्टर पेशंटला निदान उघड सांगायला लागले.

---

काळीमांजर | बुधवार, सकाळी १०.३०

आता माझी पाळी. मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार येत राहून तेच ते करत राहण्याचा आजार. कपाट रंगांप्रमाणे लावणारे सगळे मला 'मी पण थोडीशी ओसीडी आहे ग' म्हणतात तेव्हा त्यांना माझ्या घरी आठवडाभर राहायला बोलवावंसं वाटतं.

आमच्या आजीकडे याला शब्द होता. मंत्रचळ. ती म्हणायची, मंत्र म्हणताना चुकलं की चळ लागतो, मग तेच ते पुन्हा पुन्हा. बिचारीला काय ठाऊक की तिची धाकटी बहीण, जी सोवळ्याच्या नावाखाली विहिरीवरून घरी येताना पाच वेळा परत फिरायची, तिला नक्की काय झालंय. घराण्यात तिला 'कडक सोवळ्याची' म्हणून मान होता! तिच्या हातांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोललेली असायची, ते मला अजून आठवतं.

माझं हात धुण्याचं नाही. गॅसचं आहे. नॉब बंद आहे हे दिसतं, हाताने कळतं, मी मोठ्याने 'बंद' म्हणते, आणि जिन्यावर तिसऱ्या पायरीवर मन म्हणतं, 'पण बघताना नीट बघितलंस का?' हा झाला विचारांचा भाग, ऑब्सेशन. परत वर जाऊन बघणं हा कृतीचा, कम्पल्शन. एकदा बघून सुटका होत नाही, बघितल्याने पुढचा विचार जास्त जोरात येतो. या सगळ्यात रोज तासाहून जास्त वेळ जायला लागला की डॉक्टर आजार म्हणतात. माझे अडीच जायचे.

उपचार ऐकून हसाल. तपासायचं नाही, जिन्यात उभं राहायचं आणि घाबरायचं. थेरपिस्ट शेजारी उभी. पहिल्या दिवशी बावीस मिनिटांनी धडधड आपोआप उतरली. महिनाभराने सहा. आता गॅस एकदा बघते. कधी कधी दोनदा.

टापटीप आवडणाऱ्याला टापटिपीत सुख मिळतं. मला गॅस बंद करण्यात कधीही सुख मिळालं नाही.

---

सांजवात | बुधवार, सकाळी ११.०५

मांजरे, हा प्रतिसाद छापून आईला वाचून दाखवणार आहे. 'मंत्रचळ' वहीत.

---

लातूरचा_पाऊस | बुधवार, रात्री ९.१८

'ट्रॉमा' या शब्दावर बोलायचंय. आमच्या ऑफिसात कुणाला बॉसने झापलं की 'ट्रॉमा झाला'. ऐकलं की मी उठून चहाला जातो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीपासून आमचं गाव जवळ. दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, जितकं जड तितकं घर थंड राहायचं. तेच अंगावर आलं. माझं वय नऊ. वडील आता सत्तरीत आहेत. पुनर्वसनातलं घर पक्कं आहे, तरी ते अंगणातच झोपतात, पावसात ओसरीत. ट्रक गेला आणि भांडी वाजली की एकदम उठून दारात. कधी कधी जागेपणी त्यांना मातीचा वास येतो आणि ते त्या पहाटेतच असतात. किल्लारीच्या रस्त्याने ते एसटीनेसुद्धा जात नाहीत. गावात म्हणतात, 'त्यांनी धसका घेतला.'

पुढे वाचल्यावर कळलं की पीटीएसडी म्हणतात ते हेच. घटना मनात पुन्हा पुन्हा घडणं, तिची आठवण देणारं सगळं टाळणं, अंग कायम सावध. घाबरणं पहिल्या दिवसांत सगळ्यांनाच होतं, महिना उलटूनही राहिलं तर आजार. अमेरिकी डॉक्टरांच्या निदानपुस्तिकेत हे नाव १९८० ला आलं. धसका मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, पण धसक्यावर औषधोपचार असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

---

मीच_ती | गुरुवार, दुपारी १.००

पॅनिक अटॅक. लोकलमध्ये दादरला. छातीत कळ, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, आपण आत्ता इथेच मरणार याची खात्री. दोन अनोळखी बायांनी मला धरून उतरवलं. कॅज्युअल्टीत ईसीजी नॉर्मल आला आणि तिथले एक डॉक्टर म्हणाले, 'काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत, घरी जा.' त्या वाक्यानंतर मी आठ महिने लोकलमध्ये चढले नाही.

खरं तर काही तरी झालेलंच असतं. आग नसताना आगीची घंटा वाजते. वाजणारी घंटा खोटी नसते. काही मिनिटांत कळस गाठून मग उतरते. आणि 'पुन्हा येईल का' ही धास्ती बसली, त्यापायी जाणं-येणं टाळायला लागलो, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. चिंता वेगळी. ती घोर लावून महिनोन्‌महिने बसते, अशी झडप घालत नाही.

(पहिल्यांदा छातीत दुखलं तर ईसीजी काढाच. स्वतःच 'पॅनिक असेल' ठरवू नका.)

---

गोंधळलेला | गुरुवार, दुपारी ३.३०

जायचं कुणाकडे? सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट... आमच्या कॉलनीत एक जण 'माइंड कोच' पण आहे.

---

डॉ_रात्रपाळी | गुरुवार, रात्री ११.५०

मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस, मग मानसोपचारात एमडी किंवा तत्सम. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार यांचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात. मानसशास्त्र शिकून, रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन आलेले असतात, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नंबर बिनधास्त मागा, चांगल्या माणसाला राग येत नाही. समुपदेशक हा शब्द मोकाट आहे, त्यात उत्तम माणसंही आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर केलेलीही. माइंड कोचविषयी माझं मत मी इथे लिहिणार नाही, संपादक प्रतिसाद उडवतील.

गोळ्यांविषयी पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. 'झोपेच्या गोळ्या देतात, सवय लागते' हे ज्या गोळ्यांमुळे पसरलं त्या अल्प्राझोलामच्या कुळातल्या. त्यांची सवय खरंच लागते, म्हणून मोजक्या दिवसांपुरत्या द्यायच्या असतात. गंमत अशी की लोक त्या शेजारणीकडून मागून खातात आणि डिप्रेशनच्या गोळीला घाबरतात. डिप्रेशनच्या गोळीची तल्लफ येत नाही. ती एकदम बंद केली तर गरगरतं, म्हणून उतरवत बंद करायची. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी सोडतात.

बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांनी रक्तातली त्याची पातळी तपासत राहावं, उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. १९४९ पासूनचं औषध आहे, जुनं आहे म्हणून कमी लेखू नका.

---

वकिलीणबाई | शुक्रवार, सकाळी १०.१५

कायद्याचे शब्दही बघा कसे सरकले. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं. ल्यूना म्हणजे चंद्र. आपल्याकडची 'अमावस्या-पौर्णिमेला वाढतं' ही समजूत थेट इंग्रजी कायद्यात! १९८७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य' आलं. आताचा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. तो रुग्णाला हक्क असलेला माणूस मानतो. बरं असताना आधीच लिहून ठेवता येतं की मी आजारी पडलो तर कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, माझ्या वतीने कुणी बोलावं. सांजवात, भावाकडून हे करून घ्या.

शॉकविषयी कुणी विचारलं नाही, पण मनात असणार. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं या कायद्याने बंद आहे. सिनेमात दाखवतात ते विसरा.

आणि कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारची. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत आलेलं नाही. तरी हॉस्पिटलात 'पोलीस केस होईल' म्हणून घरचे 'चुकून औषध पोटात गेलं' सांगतात. सांगू नका असं. डॉक्टरला खरं कळू द्या.

---

डॉ_रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १२.०५

वकिलीणबाईंना दुजोरा. 'विचारलं तर डोक्यात येईल' ही भीतीही काढून टाका. 'जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का' हे सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. बहुतेक वेळा माणसाला कुणी विचारलं याचंच हायसं वाटतं. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कुणाला आत्ता गरज असेल तर धागा नंतर वाचा, फोन आधी करा.

---

काळीमांजर | शुक्रवार, दुपारी १२.३०

अवांतर : आमच्या पुण्यात तिथल्या मनोरुग्णालयावरून 'येरवड्याला पाठवा' म्हणतात. मुंबईचे 'ठाण्याला', कोकणातले 'रत्नागिरीला'. नागपूरकर काय म्हणतात?

---

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, दुपारी १२.४१

नागपूरकर नागपुरातच असते ना बाई, तो कुठं पाठवन. :)

---

खडूस_आजोबा | शनिवार, पहाटे ५.४५

सगळे प्रतिसाद वाचले. मंगळवारचं मागे घेत नाही, पण एक विचारायचं आहे. आमच्या हिला गेल्या वर्षापासून विसर पडतो. चष्मा कुठे ठेवला वगैरे माझंही होतं. पण परवा कुकर हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, याचं काय करतात? चाळीस वर्षं त्याच कुकरला भात लावलाय तिने. मुलगा म्हणतो वयानुसार होतं. गीतेत स्मृतिभ्रंशानंतर लगेच बुद्धिनाश लिहिलाय, म्हणून त्या शब्दाची मला धास्ती वाटते.

---

डॉ_रात्रपाळी | शनिवार, सकाळी ८.२०

आजोबा, चष्मा सापडत नाही हा विसर. कुकर कशासाठी ते सुचलं नाही, हे दाखवायला हवं. पण शब्द आपणच लावून बसू नका. थायरॉइड, बी-१२ कमी असणं, काही औषधं यांनीही असं होतं. म्हातारपणातलं डिप्रेशनसुद्धा हुबेहूब असंच दिसतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. आजींना घेऊन न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ, कुणाकडेही जा. जाताना काय विसरतात याची तारखांसह यादी न्या. 'विसरते' एवढंच सांगू नका, कुकरचं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

खडूस_आजोबा | शनिवार, सकाळी ८.५५

व्यनि मिळाला. मंगळवारी अपॉइंटमेंट. यादीत सतरा गोष्टी झाल्या.

---

सांजवात | रविवार, रात्री १०.१०

धाग्याचं असं काही होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल आईला बसवून वही वाचून दाखवली. मंत्रचळावर 'अगबाई, म्हणजे आपल्या बंगल्यातल्या वहिनी' म्हणाली. छिन्नमनस्कता तिला उच्चारता आलं नाही, 'हे काय, यज्ञात म्हणायचं का?' असं विचारलं.

मग मी फायलीतले दोन शब्द सांगितले, जे मलाच धड समजत नव्हते. रेमिशन आणि रिलॅप्स. भावाच्या कागदावर दर खेपेला पहिला लिहितात आणि मॅडम दर खेपेला दुसऱ्यापासून सांभाळा म्हणतात. माझं भाषांतर चाललं होतं, लक्षणमुक्त अवस्था, पुनरुद्भव, वगैरे.

आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे दुखण्याला उतार पडलाय, आणि ते उलटायला नको. टायफॉइडला नाही का, बरं वाटलं म्हणून पथ्य मोडलं की ताप उलटतो? मग याचं पथ्य काय ते विचारलंस का त्यांना?"

विचारलं नव्हतं. पुढची तारीख अकरा आहे.